भिंतीतल्या गंगम्माची हळद

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झाली आणि सुब्राय हेगड्यांच्या पुढच्या खोलीत जमलेल्या चाळीस-पन्नास माणसांनी एकदम श्वास रोखला. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली, भिंतीला घासून पुढे सरकली, आणि त्या कोऱ्या करकरीत पिवळ्या भिंतीवर गंगम्मा उभी राहिली.

आधी डोकं दिसलं. गोल, घट्ट अंबाडा बांधल्यासारखं. मग बारीक मान. मग खाली रुंद होत गेलेलं लुगडं नेसलेलं अंग. आणि उजव्या बाजूला सरळ लांब पसरलेला एक हात.

"बघा! डोळे मिटून बघा!" मौनानंद स्वामी गरजले.

डोळे मिटून बघायचं कसं, हे कुणी विचारलं नाही. निम्म्या बायकांनी डोळे मिटले, निम्म्यांनी हात जोडले. कुणीतरी शंख फुंकला. तो नीट वाजला नाही, पण त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

मौनानंद स्वामींनी म्हणे बारा वर्षं मौन पाळलं होतं. ते अजून सुटलेलं नाही, असं ते स्वतःच दिवसातून दहा वेळा सांगत. "आतून मी मौनच आहे," ते म्हणत, "बोलतंय ते फक्त तोंड." आणि तोंड सकाळी सातपासून बोलत असे.

"देह अग्नीला दिला, पण माया कुणाला दिली?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "माया भिंतीला लागली! दगडमातीतसुद्धा चैतन्याच्या लहरी असतात, हे आता जर्मनीचे शास्त्रज्ञही मान्य करतायत. आम्हाला विचारायला आले होते. आम्ही म्हटलं, आम्ही मौनात आहोत, नंतर या."

गर्दीत मागे, दाराच्या चौकटीला टेकून नागवेणी नाईक उभी होती. सणबैल गावातले सगळे तिला नागक्का म्हणत. पंचेचाळिशीची, उंच, हातांच्या रेघांत कायमचा रंग भरलेली. हेगड्यांची ही भिंत तिनेच रंगवली होती.

"आणि ही पाहा ती पुण्यवान!" स्वामींना ती दिसली. "हिच्याच ब्रशातून अम्मा प्रकट झाली! नागवेणी, पुढे ये. साऱ्या तालुक्यात रंगारी काय कमी होते? अम्माने तुझाच हात निवडला!"

लोकांनी वळून पाहिलं. एका म्हातारीने तर तिच्या पायाला हात लावला. नागक्का कसंनुसं हसली आणि भिंतीकडे बघायचं टाळू लागली.

कारण त्या भिंतीवर काय आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

झालं होतं ते असं. सुब्राय हेगड्यांची आई, गंगम्मा, गेल्या वर्षी गेली. सुपारीचा लिलाव होता म्हणून सुब्राय तेव्हा सिरसीला गेले होते. ते घरी पोचले तेव्हा अम्माला अंगणात आणून ठेवलं होतं. तोंडात पाणी घालायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून वर्षश्राद्ध तरी थाटात करायचं त्यांनी मनावर घेतलं. सगळं घर नव्याने वायरिंग करून घेतलं, जुने बोर्ड काढून टाकले, भिंतीतल्या नळ्या फोडून नव्या घातल्या, आणि मग नागक्काला बोलावलं.

पुढच्या खोलीची भिंत विचित्र झाली होती. बाकी सगळीकडे तीस वर्षांपूर्वीचा ऑईल पेंट, दगडासारखा घट्ट. आणि मध्ये वायरमनने फोडून ठेवलेली लांबच लांब भगदाडं. नागक्काने ती लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून बुजवली, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केली, जुना रंगही घासून खरखरीत केला. आता त्या कोऱ्या लांबीवर प्रायमरचा हात मारायचा आणि एक दिवस वाळू द्यायचं, की मग रंग.

"अण्णा, उद्याचा दिवस थांबावं लागेल," ती म्हणाली होती.

"उद्या? उद्या भटजी यायचेत, परवा पाहुणे! तू मला भिंत पिवळी करून दे. आत काय मारलंस ते कोण बघायला येतंय?"

तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. शाळेच्या मास्तरांच्या घराचंही रंगकाम तिने घेऊन ठेवलं होतं. तिने प्रायमरचा डबा तसाच उचलून ठेवला आणि पिवळ्या डिस्टेंपरचे दोन हात मारून दिले. संध्याकाळी भिंत छान एकसारखी दिसत होती.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी आठला सुब्रायांच्या बायकोने, मीनाक्षीने, ताटं मांडता मांडता वर पाहिलं आणि किंचाळली. तिसऱ्या दिवशी नागक्काने येऊन आणखी एक हात मारला. चौथ्या दिवशी सकाळी गंगम्मा पुन्हा हजर. त्यातच कुणीतरी नमस्कार करताना त्या आकृतीला हात लावला आणि तळवा पिवळा झाला. आजूबाजूच्या भिंतीला हात लावला तर काही नाही. फक्त गंगम्माच्या अंगाची हळद गळत होती! आणि गंगम्मा तर आयुष्यभर घरची हळद दळायची, तिचे तळवे वर्षभर पिवळेच असायचे, हे साऱ्या गावाला ठाऊक. मग काय हवं होतं? पाचव्या दिवशी कुमट्याच्या बसमधून मौनानंद उतरले, आणि सुब्रायांच्या ओसरीवरच त्यांचं मौन मुक्कामाला आलं.

नागक्का सगळं समजून गप्प राहिली. एक तर लाज. भिंतीवर प्रायमर न मारता रंग लावला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि दुसरं म्हणजे, हेही खोटं नाही, की या सात दिवसांत तिला नऊ घरांची बोलावणी आली होती. "आमच्याकडेही तुझाच हात लागू दे, नागक्का."

घरी नवऱ्याला, तिमण्णाला, तिने सगळं सांगितलं होतं. शिडीवरून पडून कंबर मोडल्यापासून तो घरीच असे, पण रंगकाम तिला त्यानेच शिकवलं होतं.

"म्हणजे अम्मा नव्हे, आपली चूक प्रकट झाली," तो म्हणाला.

"हळू बोला."

"मी हळूच बोलतोय. भिंत ओरडतेय."

त्या सकाळी दर्शन चालू असताना स्वामींनी गंगम्माच्या पसरलेल्या हाताकडे बोट केलं.

"हा हात कुठे जातोय? पाहा! कोपऱ्यातल्या खोलीकडे! तिथे कोण निजतं? पणती! अम्मा सांगतेय, माझी पणती मला दे, मी तिला बरी करते. बाटलीतलं पाणी बंद केलंत ते बरं केलंत, आता माझी हळद द्या!"

सुब्रायांची नात स्फूर्ती चार वर्षांची होती. दीड वर्षांची असल्यापासून तिला झटके येत. कुमट्याच्या डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं होतं, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, आणि गेले आठ महिने एकही झटका आला नव्हता. नागक्काला हे माहीत होतं. औषध बंद केलंय, हे मात्र तिला आत्ता कळलं.

मीनाक्षीने भिंतीवर तळवा घासला, पेल्यातल्या दुधात झटकला, आणि नातीला मांडीवर घेऊन ते पाजलं. पोरीने तोंड वाकडं केलं.

"गोड लागतं ना, बाळा?" स्वामी म्हणाले.

"माती," स्फूर्ती म्हणाली.

लोक कौतुकाने हसले. आरती झाली, गर्दी पांगू लागली. नागक्का अंगणात चपला शोधत होती तेवढ्यात मागून धप्पकन आवाज आला. तुळशीकट्ट्याजवळ पोर आडवी पडली होती. हातपाय ताठ, मग थरथर, डोळे वर गेलेले. तिची आई मालिनी, सुब्रायांची सून, पायऱ्यांवरून धावत आली. नागक्का तिच्या आधी पोचली. तिने डोक्याखाली पदराची घडी सरकवली आणि पोरीला कुशीवर वळवलं. ओठांच्या कडेने फेस आला होता. पांढरा नव्हे, पिवळा.

आपणच कालवलेला रंग नागक्काने ओळखला.

दोन-तीन मिनिटांत झटका ओसरला. ओसरीवरून स्वामींचा आवाज आला, "घाबरू नका! रोग बाहेर पडतोय! अम्माने मुळावर घाव घातलाय!"

मालिनीने पोरीला उचललं आणि मागच्या पडवीत नेलं. तिचा नवरा जहाजावर नोकरीला होता. अजून चार महिने यायचा नव्हता. नागक्का तिच्यामागे गेली.

"नागक्का, खरं सांग," मालिनी म्हणाली. तिने पोरीच्या ओठांवरचा पिवळा फेस पदराने पुसला. "तुझ्या रंगात काय आहे?"

"खडूची भुकटी. डिंकासारखं चिकट काहीतरी. आणि पिवळा रंग. पोटात जाऊ देऊ नका, असं डब्यावरच छापलंय."

"आणि भिंतीवर?"

नागक्काने खाली मान घातली. "वायरमनचं भगदाड आहे, मालिनी. मी बुजवलेलं. डोकं म्हणजे वायरींचा गोल डबा. अंग म्हणजे जुना स्विचबोर्ड. हात म्हणजे तुमच्या खोलीतल्या पंख्याची नळी."

मालिनीने पोरीला मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाली, "सात दिवस तुला माहीत होतं."

नागक्काने कोनाड्यातली औषधाची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"आधी औषध चालू कर," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून विचार, मध्ये बंद होतं तर किती द्यायचं. हा रंग पोटात गेला तेही सांग. दुधाचा पेला यापुढे तूच घ्यायचा हातात, आणि मोरीत ओतायचा. मला तीन दिवस दे."

"तीन दिवसांनी काय होणार? अप्पा कुणाचं ऐकत नाहीत. त्यांना आई परत मिळालीय."

"नुसतं सांगून नाही ऐकणार. म्हणून तर तीन दिवस लागतील."

नागक्का तिथून उठली ती थेट परमेश्वरच्या चहाच्या टपरीवर गेली. "परमेश्वरा, तुझी ती जुनी पोचा पडलेली किटली दे."

"चहा?"

"चहा नको. किटली."

घरी येऊन तिने पुढच्या खोलीतली भिंत मोकळी केली. तिच्याही भिंतीला तसाच जुना ऑईल पेंट होता. तिने किटली आडवी धरून खडूने कडा आखली. मग दोन हात अंतर सोडून तीच किटली पुन्हा आखली. आतला भाग छिन्नीने बोटाच्या पेराएवढा खोदला, दोन्ही खळगे लांबीने भरले, वाळल्यावर घासून भिंतीला सपाट केले. उरलेला जुना रंगही हेगड्यांकडे केला तसाच खरखरीत केला. तिमण्णा खाटेवरून बघत होता.

"डाव्या किटलीला प्रायमर," तो म्हणाला. "उजवीला नको."

"तेच करतेय."

"आणि एक पूर्ण दिवस वाळू दे. या वेळी तरी."

दुसऱ्या दिवशी तिने हेगड्यांकडच्याच डब्यातल्या पिवळ्या रंगाचे दोन हात सगळ्या भिंतीवर सारखे मारले. संध्याकाळी भिंतीवर काहीही नव्हतं. एक मऊ, शांत पिवळा पडदा. तिमण्णाने मान तिरपी करून पाहिलं, सरळ करून पाहिलं.

"नाही ना आली?" नागक्काला धाकधूक वाटू लागली.

"ओल आहे अजून. झोप जा."

सकाळी दारातून ऊन आत आलं, आणि तिमण्णा खाटेवर उठून बसला. "अग, प्रकट झाली! शंख आण!"

तिसऱ्या दिवशी दर्शन संपता संपता नागक्का पुढे झाली. "स्वामीजी, आमच्या भिंतीवरही काहीतरी दिसायला लागलंय. काय आहे ते तुम्हीच सांगा."

यातला एक शब्द खोटा नव्हता.

स्वामींचे डोळे चमकले. एक भिंत हातात होती, आता दुसरी. "मला ठाऊक होतं! काल ध्यानात मला तुझं घर दिसलं!"

सगळी गर्दी निघाली. पुढे स्वामी, मागे सुब्राय, मीनाक्षी, कडेवर स्फूर्तीला घेऊन मालिनी, आणि मागे अर्धं सणबैल. नागक्काच्या एवढ्याशा खोलीत वीस माणसं मावली, बाकीची खिडकीला लटकली. उजव्या बाजूला, कमरेच्या वर, उन्हाच्या तिरिपीत एक मळकट आकृती स्पष्ट उभी होती. खाली गोलसर बैठक, वर लहानसा गोळा, एका बाजूला वेटोळं, दुसऱ्या बाजूला वर उचललेलं काहीतरी.

स्वामींनी थोडा वेळ खरोखर मौन पाळलं. मग त्यांनी भिंतीपुढे गुडघे टेकले.

"पद्मासन घातलंय! डोक्यावर जटांचा बुचडा! डावीकडे नाग, फणा काढून! आणि उजवा हात, पाहा, आशीर्वादाला उचललेला! हे कोण आहे, मूढांनो? हा साक्षात परमेश्वर आहे!"

"मी?" खिडकीतून चहावाला परमेश्वर म्हणाला.

"तू नव्हे रे! गप्प बस!"

"नाही, पण स्वामीजी, ती माझी किटली वाटते."

खसखस पिकली. नागक्का स्वयंपाकघरात गेली, किटली घेऊन आली आणि भिंतीवरच्या आकृतीवर टेकवली. तोटीवर तोटी बसली. कडीवर कडी बसली. झाकणाच्या मुठीवर जटांचा बुचडा बसला. बुडाला जिथे पोचा होता, तिथे पद्मासनालाही पोचा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "परमेश्वरा, तुझ्या चहात चैतन्य असतं हे माहीत नव्हतं रे!" आणि खोली हशाने भरून गेली.

स्वामी पक्के होते. हसू ओसरायच्या आत त्यांनी दोन्ही हात वर केले. "हसा! अज्ञान्यांनो, हसा! अरे, ज्याने चराचर व्यापलं, तो किटलीत येणार नाही? देवाला रूप कसलं! आज त्याला किटली व्हावंसं वाटलं!"

एक-दोन माना हललेल्या नागक्काने पाहिल्या. तिने किटली खाली ठेवली.

"मग स्वामीजी, दुसऱ्या किटलीत का नाही आला?"

"कुठल्या दुसऱ्या?"

"या भिंतीवर दोन आहेत. एकाच दिवशी खोदल्या, एकाच लांबीने भरल्या, एकाच डब्यातला रंग लावला. दुसरी कुठे आहे, ते दाखवा. ध्यान लावा हवं तर."

स्वामी भिंतीकडे बघत राहिले. सगळेच बघत राहिले. लोक पुढे वाकले, माना तिरप्या केल्या. कुणालाच काही दिसेना. नागक्काने पत्र्याची पट्टी घेतली, डाव्या बाजूला दोन हात मोजले आणि रंग खरवडायला सुरुवात केली. पिवळ्याखालून पांढरी तोटी बाहेर आली, मग पोट, मग कडी.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. आवाज तिच्या मानाने मोठा होता. "लांबी कोरडी असते. तहानलेली असते. तिच्यावर रंग मारला की ती रंगातलं पाणी पिते आणि चिकटही पिऊन टाकते. रंगाची नुसती भुकटी वर राहते. तिथे भिंत वेगळी दिसते, तिरप्या उन्हात तर जास्तच, आणि हात लावला की भुकटी हाताला येते. ही घ्या." तिने उजव्या किटलीवर तळवा घासून वर धरला. पिवळाजर्द. "किटलीची हळद. दुधात घालून कोण पितंय? स्वामीजी, तुम्ही पहिले."

तिमण्णाने खाटेवरून दुधाचा पेला पुढे केला. त्याने तो आधीच भरून ठेवला होता.

स्वामी म्हणाले, आज त्यांचा उपास आहे.

"सकाळी आमच्याकडे चार इडल्या खाल्ल्या," मालिनी म्हणाली. त्या दिवशीचं तिचं ते एवढंच वाक्य.

"आणि डाव्या बाजूला मी आधी प्रायमर मारला," नागक्का पुढे म्हणाली. "प्रायमर म्हणजे भिंतीची तहान भागवणं. वाळला की भिंत रंग पीत नाही. सगळीकडे सारखा बसतो, हाताला येत नाही, खालचं काही वर दिसत नाही. कुठल्याही रंगाऱ्याला हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मलाही शिकवलं होतं." ती थांबली. पुढचं बोलताना तिची नजर जमिनीवर गेली, मग तिने ती मुद्दाम उचलली. "हेगडेअण्णांच्या भिंतीवर मी प्रायमर मारला नाही. घाई त्यांची होती, पण ब्रश माझा होता. तिथे अम्मा नाही. माझं वाईट काम आहे. आणि ते लपवायला मी दहा दिवस तोंड मिटून बसले, तोवर एका पोरीचं औषध बंद झालं."

आता कुणी हसत नव्हतं. नऊ घरांच्या बोलावण्यांपैकी निदान चार बायका त्या गर्दीत होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानाशी लागलेली नागक्काला दिसली.

सुब्राय हेगडे वळले आणि चालू लागले. नागक्का पट्टी घेऊन त्यांच्यामागे गेली, आणि लोक तिच्यामागे.

आपल्या खोलीत येऊन सुब्राय भिंतीसमोर उभे राहिले. ऊन वर सरकत चाललं होतं, आकृती पुसट होत होती. पायाशी दहा दिवसांची फुलं पडली होती.

"किटलीची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "ही माझी आई आहे."

"अण्णा, या भिंतीवर आधी काय होतं, आठवा."

"काही नव्हतं."

"बोर्ड कुठे होता?"

मीनाक्षीच हळूच म्हणाली, "इथेच होता. मोठा लाकडी. सात बटणांचा. दिवा लावताना सासूबाई टाचा उंचावून हात लावायच्या." ती आकृतीच्या पोटाकडे बघत होती. "आणि वर तो गोल डबा. वायरी बाहेर लोंबायच्या त्यातून."

"मी खरवडू का?" नागक्काने विचारलं. "तुम्ही हो म्हटलं तरच."

सुब्रायांनी स्वतःच हात पुढे केला आणि पट्टी मागितली. डोक्याजवळ पट्टी टेकवताना त्यांचा हात अडला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि खरवडलं. लांबीचा पापुद्रा खाली पडला. आतून गंजलेला लोखंडी डबा दिसला, त्यावर वायरमनच्या पेन्सिलीची फुली.

सुब्रायांनी त्या फुलीवरून बोट फिरवलं.

"मी त्या दिवशी सिरसीहून लवकर निघालो असतो, तर..." ते म्हणाले. मीनाक्षीने त्यांच्या दंडाला धरलं, तसे ते पुढे म्हणाले, "वाटलं, आई मला माफ करायला आली."

"अण्णा," नागक्का म्हणाली, "तुमच्या आईने पोरीचं औषध बंद करायला कधी सांगितलं असतं का?"

सुब्रायांनी नकारार्थी मान हलवली. मग खाली बसून नातीला जवळ ओढून घेतलं. स्फूर्तीने त्यांच्या हातावरची पिवळी भुकटी बोटाने पुसली आणि आईच्या पदराला लावली.

स्वामींचं काय झालं, ते कुणी नीट पाहिलं नाही. ओसरीवरची त्यांची झोळी गेली होती आणि दर्शनाला आलेल्या नारळांतले बरेचसे गेले होते. बसथांब्यावर ते कुणाशी तरी बोलताना दिसले म्हणे. मौन आतून चालू असणार.

दुसऱ्या दिवशी नागक्का पहाटेच कामाला लागली. बाहेरच्या दाराला कडी घालून तिने फुलं काढली, भिंत झाडली. सुटलेला रंग खरवडला, बाकीचा घासला, ओल्या फडक्याने भुकटी पुसून घेतली. मग तिने भिंतीवर बोटाने पाणी शिंपडलं. जुन्या रंगावर थेंब तसेच थरथरत थांबले. लांबीवर पडले ते डोळ्यांदेखत गडप झाले. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसांना तिने बोलावून ते दाखवलं. तिने प्रायमर पातळ करून पहिला हात दिला, वाळल्यावर दुसरा. "आता उद्यापर्यंत कुणी माझ्याशी घाईचं बोलायचं नाही," ती सुब्रायांना म्हणाली. त्यांनी निमूट मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाणी शिंपडलं. या वेळी थेंब सगळीकडे सारखेच थांबले. मग रंग.

त्यानंतरच्या सकाळी आठ वाजता हेगड्यांच्या खोलीत पुन्हा चाळीस माणसं होती. उन्हाची तिरीप आली, भिंतीला घासून पुढे गेली, आणि काहीही झालं नाही. इतकं काही नाही पाहायला सणबैलची माणसं प्रथमच जमली होती. एका म्हाताऱ्याने जवळ जाऊन तळवा घासला, उलटून पाहिला, आणि जरा नाराजीनेच म्हणाला, "काहीच येत नाही."

"येऊ नयेच," नागक्का म्हणाली.

नऊ बोलावण्यांतली पाच परत गेली. बाकीची चार तशीच राहिली. त्यांतल्या एका बाईने निरोप पाठवला होता, की जो रंगारी आपली चूक सांगतो, त्याच्याच हाती मी घर देणार. स्फूर्तीचं औषध डॉक्टरीणबाईंनी तपासून पुन्हा नियमित केलं आणि मीनाक्षीला समोर बसवून असं काही झापलं, की दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. चमचा मात्र आता तीच वेळेवर भरते.

लोक पांगताना कुणीतरी विचारलं, "पण नागक्का, समजा, उद्या पुन्हा कुठे असं काही दिसलं, तर आम्हाला कसं कळायचं?"

नागक्काला भाषण येत नव्हतं. तिने डबा बंद केला, हात पुसले आणि जे आलं ते बोलली.

"हात जोडायच्या आधी हात लावून बघा. पाणी शिंपडून बघा. ठोकून बघा. तिथे आधी काय होतं, ते घरातल्या बाईला विचारा. तेच दुसरीकडे करून बघता येतं का, ते बघा. करता आलं, तर तो चमत्कार नव्हे, काम आहे, आणि काम कुणी केलं ते शोधा. कुणी म्हणालं, प्रश्न विचारू नका, तर तोच प्रश्न दोनदा विचारा. आणि कुणीही, स्वामी असो, सासरा असो, की माझ्यासारखी रंगारीण असो, तुमच्या पोराचं औषध बंद करा म्हणाला, तर त्याला आधी घराबाहेर काढा. बाकीचं मग निवांत बघू."